केल्बी कुणाच्या जिवावर

९ ऑक्टोबर

उमेदवारी अर्ज भरायची मुदत आज दुपारी संपली. मेयरपदासाठी एकच अर्ज आला, नादिया हुमेन्युक, म्हणजे मी. गाव समितीच्या सदस्यपदांसाठी एकही नाही.

व्हर्ना फेअरला म्हटलं, "अर्जांची पेटी परत उघड." केल्बीचं गाव कार्यालय म्हणजे व्हर्ना. कारकून तीच, झाडूवाली तीच, फोन उचलणारी तीच.

"उघडली गं. शेतीचं मासिक आलंय आणि एक मेलेली माशी."

मला हसू आलं नाही. शाळा बंद झाली त्या वर्षापासून मी मेयर आहे. धान्याची कोठारं पाडली, रेल्वेचे रूळ उखडून नेले, दुकान गेलं, तरी प्रत्येक निवडणुकीत सदस्य मिळाले. एल्डन टकाचुक तर माझ्याइतकाच जुना. त्याचाही अर्ज नाही!

व्हर्ना कुलूप लावताना म्हणाली, "नादिया, मीही वर्षअखेर काम सोडणार आहे." आणि जणू काही किल्लीबद्दल बोलली असावी तशी किल्ली पर्समध्ये टाकून गेली. मी पायरीवरच उभी. एका दिवसात दोन धक्के म्हणजे अति झालं.

१० ऑक्टोबर

सकाळी सभागृहात कॉफीच्या बैठकीला गेले. तिथे पुरुष बसतात आणि फासे टाकून कॉफी कोण पाजणार ते ठरवतात. मी आत शिरले आणि फाशांचा आवाज थांबला.

"एल्डन, अर्ज?"

"राहिला बघ. मला वाटलं, दुसरा कोणी भरेल."

"दुसरा कोण? हे?" मी सगळ्यांकडे बोट फिरवलं. जो तो कपात बघायला लागला. प्रत्येकाला वाटलं होतं म्हणे, की दुसरा भरेल. एवढ्या म्हाताऱ्यांत मिळून एक खोटं, तेही सारखंच. थोडं तरी डोकं चालवायचं.

आमचा ओरेस्ट कोपऱ्यात बसला होता. बायको सगळ्या गावाला झाडतेय आणि हे गृहस्थ हातात फासे खुळखुळवतायत. घरी येताना म्हटलं, "एक शब्द बोलला असतास माझ्या बाजूने." तो म्हणाला, "गाडीचं मागचं टायर बसलंय का बघ गं."

१५ ऑक्टोबर

डलास एरिक्सन आला होता. आमच्या चारी बाजूंनी पसरलेल्या ग्रासमिअर ग्रामीण पालिकेचा हा अध्यक्ष. बारावीपर्यंत मीच त्याला शाळेच्या बसमधून नेलं. मागच्या बाकावर ओकायचा. आता साडेसहा फुटांचा झालाय, पण माझ्या स्वयंपाकघरात अजूनही टोपी हातात धरूनच उभा राहतो.

"मिसेस हुमेन्युक, सदस्यच नाहीत म्हटल्यावर सरकार बाहेरचा माणूस नेमणार. त्यापेक्षा केल्बी आमच्यात घेतो. आमच्याकडे माणसं आहेत, यंत्रं आहेत."

"आणि गावाचं नाव?"

"पाटी राहील की."

"पाटी थडग्यावरही असते, डलास."

तो लाल झाला. खिडकीतून अंगणात ओरेस्ट दिसत होता. बर्फ ढकलायच्या यंत्राखाली आडवा होऊन काहीतरी पिळत होता. डलास तिकडे बघत म्हणाला, "मिस्टर हुमेन्युक अजून किती वर्षं करतील हो हे सगळं?"

"त्याला जमेनासं झालं की सांगेल. देवाने तोंड दिलंय त्याला."

डलासने टोपी घातली आणि गेला. यंत्रांची लालूच मला! कानामागून आला आणि तिखट झाला.

१८ ऑक्टोबर

आज मी दाखवून दिलं. पहाटेच सगळ्या गावाचं पाणी गेलं. फोनवर फोन. प्रत्येकाला शांतपणे सांगितलं, "काळजी करू नका, मी बघते आहे." आणि दुपारच्या जेवणाआधी पाणी सुरू! ग्रासमिअरला कळवलं असतं तर त्यांचा ट्रक अजून वाटेत असता.

पंपघरातल्या खड्ड्यात झडप अडकली होती. ओरेस्टने सोडवली. वर येताना शिडीवरून पाय सटकला म्हणे. डावा घोटा जरा सुजलाय. गोठलेल्या मटारची पिशवी लावून बसवलंय. म्हटलं, डॉक्टरकडे जायचं का? तर म्हणाला, "आता कुठे एवढं लांब जायचं." मुरगळलाय, होईल बरा.

तेवढ्या गडबडीत एल्डनला फोन करून सुनावलंच. "बघितलंस? केल्बीला कुणाची गरज नाही." तो म्हणाला, "बघितलं, नादिया. मी खिडकीतून बघितलं."

२१ ऑक्टोबर

लोक जागे झाले! सकाळपासून दारात माणसं. व्हर्नाने कोबीच्या पानातल्या भाताच्या गुंडाळ्या आणल्या. एल्डनच्या बायकोने हॅम घातलेले बन. पलीकडच्या गल्लीतले, ज्यांच्याशी वर्षभर रामराम नव्हता, ते खजुराच्या वड्यांचं ताट घेऊन. भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर आपापली नावं. फ्रिजमध्ये बोट घालायला जागा नाही.

प्रत्येकाचं आधी एकच, "ओरेस्ट कसा आहे?" मी म्हणते, आहे आत टीव्हीसमोर, मजेत, आता बसा आणि ऐका. मग विलीनीकरणाचे तोटे समजावून सांगते. सगळे माना डोलवतात. "असं आहे होय." "खरंय, विचार करायला हवा." कुणी एक शब्द विरोधात काढला नाही. मग आत जाऊन ओरेस्टजवळ बसतात. खूप वेळ बसतात. हळू बोलतात.

या गावात कुणी कुणाच्या घरी उगाच भांडं घेऊन जात नाही. मला गहिवरून आलं. असा पाठिंबा मला कुठल्याच निवडणुकीत मिळाला नव्हता.

२६ ऑक्टोबर

सभागृहात गावाच्या टर्की जेवणासाठी पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या छोट्या करंज्या, वळायला बसलो होतो. दोन्ही बाजूंना बायका आणि मधे पिठाने पांढरं झालेलं लांब टेबल. मी भाषण दिलं. द्यायचं ठरवलं नव्हतं, पण हाताला पीठ असलं तरी तोंड मोकळं होतं.

म्हटलं, आपल्या आज्या बैलगाडीतून इथे आल्या, मातीच्या घरात राहिल्या, त्या काय कुणात विलीन व्हायला?

बायका वळत राहिल्या. मग व्हर्ना म्हणाली, "आज्यांचं जाऊ दे गं. यंदाच्या थंडीत पंपघरात कोण उतरणार?"

"ओरेस्ट. दुसरं कोण?"

"त्याचा पाय?"

"होईल की तोवर बरा. आणि त्याला आवडतं ते, व्हर्ना. घरी बसला तर गंजेल."

कुणी हसलं नाही. एल्डनची बायको एकच पेरोगी चिमटत राहिली, इतकी की ती फाटली. मला वाटलं, भाषण परिणामकारक झालं.

२९ ऑक्टोबर

डलासचा फोन. तेरा तारखेला सभागृहात सभा घेऊ, हात वर करून मत घेऊ, सरकारला तेवढं पुरतं.

मी म्हटलं, "अजिबात नाही. गुप्त मतदान. चिठ्ठी आणि पेटी."

"पण मिसेस हुमेन्युक, छोटं गाव आहे, हात वर केले तरी..."

"म्हणूनच. तू समोर बसलास की लोक दबतील. अर्ध्या गावाची शेतं तू खंडाने कसतोस. मोकळेपणी मत पडलं पाहिजे."

 तो म्हणाला, "तुम्हाला नक्की तसंच हवंय?"

घाबरला! मी फोन ठेवून ओरेस्टला सांगितलं. तो काठी टेकत खिडकीशी उभा होता. म्हणाला, "हात वर करायला ठेवलं असतं तर बरं झालं असतं."

"का?"

"असंच."

या माणसाला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही.

४ नोव्हेंबर

पहिला खरा बर्फ. काही घडलं नाही.

७ नोव्हेंबर

ओरेस्ट गॅरेज आवरतोय. एवढ्या लंगडत्या पायाने! पान्यांचा मोठा संच एल्डनच्या जावयाला देऊन टाकला, वेल्डिंगचं यंत्र दुसऱ्या कुणाला. मी म्हटलं, लागेल की. म्हणाला, "अडगळ झालीय." बरं आहे, मी कधीपासून सांगत होते.

संध्याकाळी सास्काटून शहरातून आमच्या लेकीचा, लारिसाचा फोन. बापलेक बराच वेळ बोलले. नंतर ओरेस्ट म्हणाला, "तिच्या घराचा तळमजला नीट करून घेतलाय. पायऱ्यांना कठडाही लावला."

"भाड्याने देणार असेल."

"नादिया, मी काय म्हणतोय..."

तेवढ्यात मला आठवलं की सभेसाठी कॉफीचं मोठं पातेलं शेजारच्या गावाच्या चर्चकडून आणायचंय, आणि मी फोनकडे धावले. नंतर विचारलं, काय म्हणत होतास? म्हणाला, काही नाही.

१३ नोव्हेंबर

आजचं लिहावंसं वाटत नाही, पण लिहिणारच.

सभागृह भरलं होतं. मी बोलले, डलास बोलला. त्याच्या आवाजात जोरच नव्हता. एकदाही टाळी पडली नाही. मी मनात म्हटलं, संपला. मग एकेक जण पडद्यामागे गेला, चिठ्ठी टाकली, परत येऊन बसला. ओरेस्टला पडद्यापर्यंत जायला वेळ लागला. एल्डनने त्याचा दंड धरला होता.

व्हर्नाने मोजलं. दोनदा मोजलं. कागद माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू नको वाचूस. मी वाचते."

"मेयर मी आहे," म्हटलं आणि वाचायला लागले. "केल्बी गाव ग्रासमिअर ग्रामीण पालिकेत विलीन करावं. बाजूने, चौतीस."

मला वाटलं आकडे उलटे लिहिलेत. खाली बघितलं.

"विरोधात, एक."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी आनंदाने ओरडलं असतं तरी चाललं असतं, मी भांडले असते. पण सगळे खाली बघत होते, अंत्यविधीला बसल्यासारखे. डलाससुद्धा.

ते एक मत माझं. पहिल्यांदा मला ते एकच मत दिसलं. मग, कितीतरी वेळाने, त्यातला हिशोब कळला.  मी पहिल्या रांगेत बघितलं. ओरेस्ट माझ्याकडेच बघत होता. त्याने नजर वळवली नाही.

मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "कॉफी तयार आहे." आणखी काय म्हणणार होते?

१४ नोव्हेंबर

बोललो नाही.

१६ नोव्हेंबर

बोललो. म्हणजे मी ओरडले.

"परक्यांचं सोड. तू! माझ्या शेजारी झोपतोस आणि माझ्याविरुद्ध चिठ्ठी टाकतोस?"

"तुझ्याविरुद्ध नाही गं."

"मग कुणाविरुद्ध?"

तो बराच वेळ घोटा चोळत राहिला. मग म्हणाला, "मी थकलोय, नादिया."

"मग सांगायचं होतंस!"

"सांगितलं. दरवेळी तू पुढच्या कामाला लागलीस."

मी म्हटलं हे खोटं आहे. तो म्हणाला, असेल. त्या "असेल"चा मला सगळ्यात जास्त राग आला. भांडायलाही तयार नाही! उभ्या आयुष्यात याने मला कधी नाही म्हटलं नाही, आणि म्हटलं ते गावासमोर, चिठ्ठी टाकून.

२० नोव्हेंबर

एल्डनला रस्त्यात गाठलं. "किती दिले रे ग्रासमिअरने?"

तो एवढा चपापला की हातातली पिशवी खाली पडली. "आम्ही अर्ज भरले असते तर तू आणखी चार वर्षं गाव चालवलं असतंस, नादिया."

"मग?"

"मग म्हणजे? कुणाच्या जिवावर?"

पिशवी उचलून चालता झाला. मागून हाक मारली तर थांबलासुद्धा नाही. माझ्याच जिवावर चालवलं, आणखी कुणाच्या? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

३ डिसेंबर

सरकारी शिक्का उमटायला अजून वेळ आहे, पण पाण्याचं काम ग्रासमिअरने कालपासून घेतलं. ओरेस्टने पंपघराची किल्ली डलासला दिली. डलासने दोन्ही हातांनी घेतली. ओरेस्ट पटकन वळला आणि नाक शिंकरलं. मला वाटलं, रडतोय. जवळ गेले तर हसत होता. मी या माणसाला ओळखत नाही असं वाटलं.

११ डिसेंबर

लारिसा येऊन बापाला सास्काटूनला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. घोटा मुरगळलेला नव्हता. मोडलेला होता. ऑक्टोबरपासून. आता ऑपरेशन करून, आत धातूची पट्टी घालून जोडावा लागणार.

लारिसा फोनवर म्हणाली, "ममा, मोडक्या पायाने तो जवळजवळ दोन महिने चालत होता. तुला दिसलं नाही?"

मी म्हटलं, त्याने सांगितलं नाही. तिने फोन ठेवला.

 मोडलेला! मी त्या पायावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याच मटारचं सूप केलं होतं.

२८ डिसेंबर

नाताळ तिथे झाला. ऑपरेशन नीट झालं. तो तळमजल्यावर राहतो. मला राहा म्हणाले. मी म्हटलं, कार्यालयातली कपाटं रिकामी करायची आहेत, व्हर्नाला एकटीला कसं जमेल. ओरेस्ट म्हणाला, "हो, तू जा." त्याने आग्रह केला नाही. पूर्वी करायचा का, तेही आठवेना.

१४ जानेवारी

आजचं सगळं लिहून ठेवायला हवं.

उणे अडतीस, वर वारा. सकाळी नळ उघडला, तर सुस्कारा येऊन थांबला. फोन वाजायला लागला. सवयीने लोक मलाच करतात. सवयीने मीही म्हटलं, "काळजी करू नका, मी..." आणि थांबले. पलंगाच्या त्या बाजूला कुणी नव्हतं.

ग्रासमिअरला कळवलं. त्यांचा ट्रेव्हर लवकर पोचला. पन्नाशीचा, दाढीवर श्वास गोठून झालेला बर्फ. मी कोट चढवून पंपघराकडे गेले. त्याने लोखंडी झाकण उचललं, आत बघितलं आणि झाकणावरच बसून राहिला.

"अरे उतर की. लोक खोळंबलेत."

"माझी कामावरची जोडीदारीण यायचीय. तिची गाडी वाटेत बर्फात रुतलीय."

"एका झडपेला दोन माणसं?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी बसमधल्या मुलांकडे बघायचे. "बाई, अशा खड्ड्यात एकट्याने उतरायचं नसतं. खाली हवा खराब असते, पाणी एकदम चढतं, माणूस बेशुद्ध पडला तर कळणार कुणाला? नियम आहे. वर एक जण दोर धरून पाहिजेच."

"आमच्याकडे एकच जण उतरायचा."

"मग वर कोण उभं असायचं?"

मी खड्ड्याच्या काठाशी गेले. 

वर कोणी नसायचं. मी घरी असायचे. उबेत, फोनपाशी. सगळ्या गावाला सांगत असायचे, मी बघते आहे. एवढ्या वर्षांत मी या झाकणाजवळ आले नव्हते. खड्डा किती खोल आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. वाकून बघितलं तर तळ दिसला नाही, फक्त काळं पाणी आणि शिडीच्या बर्फाने चिकटलेल्या पायऱ्या. खालून कुजका, थंड वास आला. ओरेस्टच्या कपड्यांना तोच वास यायचा आणि मी त्याला दारातच कपडे उतरवायला लावायचे. आणि एल्डन त्याच्या खिडकीतून हे झाकण बघत बसायचा, ओरेस्टचं डोकं वर येईपर्यंत. व्हर्नाही. सगळेच. आपण दोर धरायला जावं एवढी कुणात धमक नव्हती, सगळे सत्तरीपार. आणि मला तोंडावर सांगायचीही नव्हती. म्हणून त्यांनी चिठ्ठीवर सांगितलं.

मी म्हटलं, "दोर मला दे."

"तुम्हाला झेपेल?"

"मी वीस वर्षं बस चालवली आहे. दे."

त्याने कमरेला पट्टा बांधला, दोर खांबाला एक वेढा घालून माझ्या हातात दिला. "मी दर थोड्या वेळाने हाक मारीन. हाक आली नाही तर जागेवरून हलायचं नाही, खाली उतरायचं नाही, फक्त खेचायचं आणि ओरडायचं."

तो खाली गेला. डोकं दिसेनासं झालं. खाली लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, मधूनच शिवी. मी दोर धरून उभी. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. "आहे!" तो ओरडायचा. "आहे!" मी ओरडायचे. एकदा हाक यायला जरा उशीर झाला, आणि मी येशूपासून गावातल्या सगळ्या मेलेल्यांपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या. मग खालून, "आहे!"

असा एकेक हिवाळा. आणि खालून हाक मारली असती तरी ऐकायला वर कोणी नाही.

पाणी आलं. ट्रेव्हर वर आला, जोडीदारीणही आली, तिने मला ट्रकमध्ये बसवून कॉफी पाजली. मला कप धरता येईना.

घरी येऊन बूट न काढताच ओरेस्टला फोन लावला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तोच आधी बोलला. एल्डनने त्याला सकाळीच कळवलं होतं.

"झडप ना? मला वाटलंच. कोण उतरलं?"

"ग्रासमिअरचा ट्रेव्हर."

"एकटा?" त्याचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत मी त्याचा आवाज असा चढलेला ऐकला नव्हता. "नादिया, एकट्याला उतरू दिलंत? वर कोण होतं?"

"मी."

 लारिसाच्या तळमजल्यावरचं घड्याळ ऐकू येत होतं. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "मोज्यांचे दोन जोड घातले होतेस ना? तिथे खालून फार गार लागतं."

 मी नुसती फोन धरून उभी राहिले आणि तो पलीकडे थांबून राहिला.